आधी गादी उचला

पहिलीच गाडी घ्यायची आणि ती म्हणे जुनी व्हॅन, आत पलंग, शेगडी आणि निळे पडदे असलेली! हे वेड लागलेला कोणी मला गाडी बघायला सोबत नेतो, तेव्हा मी आधी पडद्यांची तारीफ करून घेतो. नंतर तारीफ करण्यासारखं काही सापडेलच असं नाही.

‘विंटेज’ हा शब्द मात्र घरीच ठेवून निघावं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज म्हणजे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी, आणि ती रोज फिरवताही येत नाही. मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, आली १९८४ साली. म्हणजे २०३४पर्यंत ती नुसतीच जुनी.

मॅटॅडोर घ्यावी की ओम्नी? मॅटॅडोरचा रुबाब मोठा, पण एका रबरासाठी भंगारबाजार पालथा घालावा लागतो. ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरी इंजिन तालुक्याचा मिस्तरी झोपेतही उघडेल. नवशिक्याने ओम्नीच घ्यावी. फक्त ते इंजिन पुढच्या सीटखाली असतं. मे महिन्यात भुसावळला बाहेर पंचेचाळीस अंश आणि खाली इंजिन, म्हणजे भरताच्या वांग्याला काय वाटत असेल ते बसल्या जागी कळतं.

गाडी बघायला सकाळी सातला जावं, आणि इंजिनाला हात लावावा. कोमट लागलं तर मालकाने आपल्याआधी उठून गाडी चालू केली आहे, म्हणजे इंजिन गार असताना ती सहज चालू होत नसावी. मालक म्हणणारच, “गाडीमा काहीच काम नही शे, भाऊ!” आपण गोड हसून ऑईलचं झाकण काढावं. आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा थर असेल, तर तेलात पाणी जात असण्याची शक्यता आहे, आणि बहुतेक वेळा दोषी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधली सील, असतं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. ब्रेक दाबून अर्धा मिनिट पाय तसाच ठेवावा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकला दाब देणारा पंप, बहुधा गेला.

मग लोहचुंबक. त्याला पातळ फडकं गुंडाळून दाराखालचा पत्रा आणि चाकांच्या कमानी तपासाव्यात. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. आपल्याकडे खानदेशात कोकणासारखा पत्रा सडत नाही, पण ऊन रबर खातं. होजपाइप दाबून बघावेत, दारांची रबरं वाकवून बघावीत. टायरवर चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी असली तरी असा टायर आतून पापड झालेला असतो.

आता गादी उचला. टपावर दहा मिनिटं पाइपने पाणी सोडून गादीखालची फळी चाचपावी. ओल लागली की मालक म्हणतो, “कालच धुतली.”

आतला संसार वजनावर तोलावा. १९ मिलिमीटर प्लायवूडची आठ बाय चारची एक शीट तीस-पस्तीस किलोंची, पन्नास लिटर पाणी पन्नास किलोंचं, वर आईने दिलेला कळण्याच्या पिठाचा डबा. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, म्हणजे सुमारे ६०० वॉट-तास. तीस वॉटचा पंखा त्यावर वीस तास चालतो. हजार वॉटचा एसी अर्ध्या तासात राम म्हणतो.

कारच्या सवयीने ही गाडी वळवू नये. चालक पुढच्या चाकांच्या वर बसतो, म्हणून कोपऱ्याच्या थोडं पुढे जाऊनच स्टिअरिंग फिरवायचं. घाई केली की मागचं चाक गटारात. कन्नड घाट उतरताना, चढायला जो गिअर लागला असता तोच ठेवावा. नुसत्या ब्रेकवर उतरलात, तर अर्ध्या घाटात ब्रेकचा वास येतो आणि मग ब्रेकच येत नाही.

कागदांत नमुना २९ आणि ३० वर सह्या घ्याव्यात, चेसिस नंबर आरसीशी ताडावा. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. सीट काढून पलंग ठोकला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसीत बदल हवा. या कामाला लोक टाळाटाळ करतात, पण अपघातानंतर विम्याचा माणूस आधी सीटच मोजतो.

आणि सीट मोजणारा तो एकटा नसतो. गाडी गल्लीत उभी राहिली की संध्याकाळी शेजारचे आप्पा पडदा बाजूला करून आत डोकावतात.

“परवा पारोळ्याला लग्न आहे. पलंगावर किती जण बसतील रे?”