राउटरला फॉइल गुंडाळण्याआधी

पावसाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. "वायफाय सारखं तुटतंय? राउटरमागं फॉइल लावा, रेंज दुप्पट. ५जीवरच जोडा. दर आठवड्याला रीसेट दाबा. पावसात दमट हवा लहरी शोषते, त्याला इलाज नाही." आमच्या मामांनी तो वाचून राउटर तीन बाजूंनी डब्यातल्या चपातीसारखा गुंडाळला, म्हणून हे लिहितोय.

धातूवर आपटून लहरी परततात हे खरं. पण एका बाजूला जरा वाढलं की दुसरीकडं सावली पडते. मामांच्या सोप्यात रेंजच्या कांड्या भरल्या, स्वयंपाकघरात मोबाईल मुका. वर हवेची भोकं झाकून राउटर तापला तो वेगळाच.

५जीचा तर निव्वळ घोळ आहे. मोबाईलचं ५जी म्हणजे पाचवी पिढी, वायफायचं ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, राउटरच्या लहरींचा एक पट्टा; दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा. ५ च्या पट्ट्याला वेग जास्त, पण भिंत आली की ते लवकर दमतं, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, हातभर जाड. राउटरच्या खोलीत ५ वापरा, परसाकडच्या खोलीत २.४. मात्र बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून घरं, त्यामुळं २.४ वर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी. तिथं राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल (म्हणजे त्या पट्ट्यातली वाट) १, ६ किंवा ११ यांतलं मोकळं असेल ते घ्यावं आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. एकमेकांवर न चढणारी चॅनेलं ही तीनच. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

रीसेटचा सल्ला सगळ्यात घातकी. टाचणीनं ते बटण दाबून धरलं की सेटिंग पुसली जाते, पुष्कळ ठिकाणी नेटचं युजरनेम-पासवर्डसुद्धा. मग बसा केबलवाल्याची वाट बघत. राउटरचं लाईटचं बटण बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करणं वेगळं, ते खुशाल करा.

राहिला पाऊस. घरातल्या घरात दमट हवेनं वायफायला जाणवण्याइतका फरक पडत नाही. पाऊस घोळ घालतो तो बाहेर: खांबाखांबांवरून आलेल्या फायबरवर फांदी पडते, किंवा लाईट लपलप करते आणि राउटर परत सुरू व्हायला एक-दोन मिनिटं घेतो. आपण म्हणतो, वायफाय गेलं. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल असेल तर बाहेरून उजेडच येत नाही, फॉइल काय करणार? दिवा लाल नसेल तर लॅपटॉप केबलनं राउटरला जोडून बघा. केबलवर नेट सुरळीत आणि मोबाईलवर अडखळतंय, तर दोष वायफायचा. दोन्हीकडं अडखळलं तर बहुतेक लाईनचा.

मामांकडं दोन्हीकडं अडखळत होतं. खांबावरच्या जोडणीच्या डब्यात पाणी शिरलेलं निघालं. मामींची फॉइल मात्र निम्मी संपली.