जिभेखालची गोळी खिशात फुटत नाही हो

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की हार्ट पेशंटच्या जिभेखालच्या गोळीत डायनामाइटचा मसाला असतो, उन्हात गाडीत राहिली तर स्फोट होईल, खिशात ठेवू नका. अर्धवट माहिती आहे ही. हा मसाला म्हणजे नायट्रोग्लिसरीन, ते स्फोटक आहेच, आणि शुद्ध द्रव असताना तर भयंकर, नुसता धक्का बसला तरी उडू शकतं, 1864 ला स्टॉकहोममध्ये नोबेल पारितोषिकवाल्या आल्फ्रेड नोबेलच्या शेडमध्ये त्याचाच स्फोट होऊन त्याचा धाकटा भाऊ एमिल गेला, मग त्याने ते एका मातीत मुरवलं आणि 1867 ला डायनामाइटचं पेटंट घेतलं. पण गोळीत ते असतं जेमतेम 0.3 ते 0.6 मिलिग्रॅम! बाकी सगळी लॅक्टोजसारखी पावडर, काय डोंबल फुटणार? आपल्याकडची सॉर्बिट्रेट तर त्याचंच भावंड, आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, तेही शुद्ध असेल तर स्फोटक, गोळीत नाही. आणि गंमत बघा, म्हातारपणी खुद्द नोबेललाच डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं होतं.

उन्हाची भीती आहे, पण वेगळी. नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या गरम जागी किंवा साध्या प्लास्टिकच्या डबीत ठेवल्या की औषध हळूहळू वाफ होऊन निघून जातं आणि ऐन वेळी गोळी लागूच पडत नाही, म्हणून त्या मूळच्या काचेच्या बाटलीतच घट्ट झाकण लावून ठेवायच्या. दुसरं, व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर यातली कुठलीच घ्यायची नाही, बीपी धाडकन खाली येतं. मेसेज वाचून कुणी आजोबांच्या खिशातली गोळी काढून ठेवली असेल तर आधी ती परत द्या.