उन्हातल्या नाताळाला आळशी म्हणणाऱ्या काकांना

आज सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक साधा फोटो टाकला. अंगणात हाफ चड्डीतला मुलगा दिव्यांच्या माळेचा गुंता सोडवत बसला आहे आणि नवरा खोक्यातल्या चेरी निवडतो आहे, म्हणजे खरे तर खातो आहे. त्याखाली पुण्याहून काकांनी लिहिले, "तेवीस तारीख उजाडली आणि तुमच्याकडे तयारीचा पत्ता नाही. हा नाताळ की उन्हाळ्याची सुट्टी?" मी दोनदा उत्तर लिहून पुसले. ग्रुपवर वाद घातला तर आईला वाईट वाटेल, म्हणून इथे लिहिते आहे.

मेलबर्नला डिसेंबरात उन्हाळा असतो, आणि तो आम्ही मागवलेला नाही. उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला की पारा अडतीसच्याही पुढे जातो, त्यामुळे दिवसा ओव्हन लावण्याचा विचारसुद्धा नको वाटतो. पाव्हलोवा, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेला केक, रात्री भाजायचा आणि ओव्हन बंद करून, दार किंचित उघडे ठेवून सकाळपर्यंत आतच निवू द्यायचा. हॅम आधीच शिजवलेला मिळतो; व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती पिशवीत घालून तो फ्रिजमध्ये ठेवला की झाले. कोळंबी चोवीस तारखेला सकाळी येते आणि सोलण्याचे काम ज्याचे त्याने ताटावर बसून करायचे असते. पाहुणे आपापला एकेक पदार्थ घेऊन येतात. काकांना यात तयारी दिसत नाही, कारण यात कोणी घामाघूम झालेले दिसत नाही.

तीन वर्षांपूर्वी आई नगरहून आमच्याकडे आली होती. वीस तारखेपासून ती रोज विचारायची, "करायला कधी घ्यायचं?" चोवीसच्या दुपारी तिला राहवेना, तेव्हा तिने साट्याच्या करंज्या करायला घेतल्या. पोळ्यांना साटा लावून वळकटी केली आणि लाट्या पाडायच्या आतच तूप पातळ होऊन पोळपाटावर ओघळले. फ्रिजमध्ये हॅमच्या पिशवीमुळे बोट शिरायलाही जागा नव्हती. आईने क्षणभर विचार केला, एस्कीतल्या, म्हणजे इथल्या बर्फाच्या पेटीतल्या, शीतपेयांच्या बाटल्या बाहेर काढल्या आणि लाट्यांचा डबा कोळंबीशेजारी बर्फात रोवला. मग झाडाच्या सावलीत, नातवाच्या प्लॅस्टिकच्या हौदात पाय सोडून, एका वेळी चारच लाट्या बाहेर काढत तिने करंज्या लाटल्या. त्यांना सुटलेले पदर मोजून घ्यावेत असे होते. त्यांना कोळंबीचा पुसटसा वास येत होता, पण आमच्यापैकी कोणीही ते तिला सांगितले नाही.

आता काकांकडे वळते. नगरला आमच्या घरी चोवीसच्या रात्री एक-दोन वाजेपर्यंत कढई उतरत नसे. अनारसे, चकल्या, शेव, लाडू आणि करंज्या, सगळे आई आणि काकू करायच्या. आणि पंचवीसला सकाळी चर्चमध्ये उपदेश सुरू झाला की आई बाकावर बसल्या बसल्या पेंगायची. तिला कोपराने हळूच जागे करण्याचे काम बाबांनी माझ्यावर सोपवले होते. काकांनी आयुष्यात एक करंजी लाटली असेल तर त्यांनी पुढे येऊन सांगावे! आणि नाताळ म्हणजे थंडी आणि हिमवर्षाव असे म्हणाल, तर पुण्याच्या फ्लॅटमधल्या प्लॅस्टिकच्या झाडाला ते दर वर्षी कापूस चिकटवतात. अमेरिकन मराठी मिशन हे ख्रिस्ती मिशन १८३१ साली नगरला आले, तेव्हापासून तिथे नाताळाला कोणी बर्फ पाहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

इथे वणव्याची धास्ती असते, हे मान्य. रुमालाने झाकलेली फराळाची ताटे घरोघर फिरत नाहीत, हेही मान्य, आणि ते मला दर वर्षी सलते.

पण भक्तिभाव कमी पडतो, असे कोणी म्हणू नये. मेणबत्त्या लावून समूहाने नाताळगीते गाण्याचा इथला मोठा कार्यक्रम १९३८ साली याच शहरात सुरू झाला. नॉर्मन बँक्स नावाच्या रेडिओ निवेदकाला आदल्या वर्षी नाताळच्या आदल्या रात्री एका खिडकीत एक वृद्ध बाई मेणबत्तीच्या उजेडात रेडिओवरच्या गीतांबरोबर गाताना दिसल्या, आणि त्यावरून त्याला ही कल्पना सुचली. आजही लोक गवतावर चादरी पसरून बसतात आणि सूर्य पुरता मावळण्याआधीच मेणबत्त्या पेटवतात. त्या वर्षी आईलाही आम्ही तिथे नेले होते. शेवटच्या गीतापर्यंत ती टक्क जागी होती. परतताना गाडीत म्हणाली, "लग्न झाल्यापासून चोवीस तारखेला पाठ दुखली नाही, असं पहिल्यांदाच झालं बघ."

हे वाक्य मी काकांना पाठवणार होते. आता पाठवणार नाही. ते वाचतील आणि नेहमीप्रमाणे हसण्यावारी नेतील.

रात्रीचे नऊ वाजले आहेत, बाहेर अजून उजेड आहे आणि माळेचा गुंता सुटलेला नाही. मघाशी आईचा फोन आला होता. तिकडे दुपारचे साडेतीन झाले होते. काकांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. करंज्या उद्या करणार आहेस ना, एवढे विचारले आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "या खेपेला डबा कोळंबीपासून लांब ठेव हो. मागच्या वेळी वास लागला होता."