‘वीस मिनिटांत पाडलेलं गाणं’ म्हणणाऱ्या वाचकास

तुमची प्रतिक्रिया वाचली. दोनदा. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या ‘पॅरानॉइड’ या गाण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही म्हणता, “वीस मिनिटांत पाडलेल्या भरतीच्या गाण्याचं एवढं कौतुक कशाला? लेखकाने गिटार कधी हातात धरलेली दिसत नाही.”

आधी माझी चूक. या गाण्यात गिटारच्या तारा उतरवून, म्हणजे सैल करून खालच्या स्वरात लावल्या होत्या, असं मी लिहिलं होतं. ते चुकलंच. ट्यूनिंग नेहमीचं आहे; तारा उतरवणं १९७१च्या अल्बमपासूनचं. दुरुस्त केलंय. एवढं सांगायला टोमणा कशाला लागत होता, ते मात्र कळलं नाही.

आता ते “पाडलेलं”. अल्बमला तीनेक मिनिटं कमी पडत होती, म्हणून १९७० साली हे गाणं घाईघाईत झालं, हे माझ्याच लेखात आहे. लेख पूर्ण वाचलात ना? पण वर्षभर आधी बँडमधली हीच पोरं जर्मनीत हॅम्बुर्गच्या स्टार क्लबात रोज अनेकदा मंचावर उभी राहत होती, ती मिनिटं कोणाच्या खात्यात धरायची? बाकीचे बाहेर गेलेले असताना गिटारवादक टोनी आयोमीला रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, सुचला. बास वाजवणाऱ्या गीझर बटलरने शब्द लिहिले, आणि त्यात ‘पॅरानॉइड’ हा शब्दच नाही. हे भरताड सिंगल ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं आणि अल्बमचं ‘वॉर पिग्ज’ हे ठरलेलं नाव बदलून त्याचंच नाव द्यावं लागलं.

आणि गिटार? अकरा वर्षं वाजवतोय, साहेब. सुरुवातीचा तो तुकडा बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीपाशी), हॅमर-ऑनने, म्हणजे तार पुन्हा न छेडता बोट आपटून सूर काढत. माझी दहाही बोटं शाबूत, तरी पूर्ण वेगात तो स्वच्छ निघायला मला दोन महिने लागले. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात उजवा; सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या बोटांवर चढवून तो वाजवायचा. तार बोटाला लागतच नाही, अंदाजाने दाबायची. करून बघा आणि मग “पाडलेलं” म्हणा.

‘सगळं मेटल सारखंच’ वगैरे बाकीच्या मुद्द्यांत मी शिरत नाही. फक्त हेडफोन लावून सोलो ऐका. एका कानात साधी गिटार, दुसऱ्यात तीच रिंग मॉड्युलेटर या आवाज बदलणाऱ्या यंत्रातून किरकिरत येते. ऐकलंत की लिहा. टोमणा नसला तरी चालेल.