घरी सर लावले की गणितात ९८ टक्के?

शाळा सुरू झाल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: दहावीच्या गणिताला घरी येणारे सरच लावा, शक्यतो शाळेतलेच. एकट्या मुलाला शिकवलं की ९८ टक्के मिळतात, हे अमेरिकेतल्या ब्लूम यांनी सिद्ध केलंय. घरी मूल मोकळेपणाने शंका विचारतं, रोजचा गृहपाठ पुरा होतो. आणि ज्यांना हे परवडत नाही त्यांनी गणिताकडून फार अपेक्षा ठेवू नयेत.

बरीच वर्षं मी मुलांच्या घरी जाऊन गणित शिकवलंय. घरच्या शिकवणीचा फायदा मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणूनच हा निरोप वाचून राग येतो.

आधी ते ९८. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली मांडलं ते असं: ज्याला एकट्याला शिक्षकाने शिकवलं असा सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. ९८ टक्के मुलांच्या पुढे असणं आणि ९८ टक्के गुण मिळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गणिताच्या जाहिरातीतच ही चूक! शिवाय ते प्रयोग जेमतेम तीन आठवड्यांचे होते. पुढे इतरांनी केलेल्या अभ्यासांत इतका मोठा फरक सहसा दिसला नाही. फायदा दिसला, पण बराच कमी. ब्लूम यांच्याच लेखातली आणखी एक गोष्ट निरोपात गाळली आहे. तीसेक मुलांच्या वर्गातही वरचेवर चाचणी घेऊन, चुकलेलं पुन्हा शिकवून मगच पुढे गेलं, तर सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ८४ टक्के मुलांच्या पुढे गेलं. म्हणजे बरीचशी किमया त्या चाचणीची आणि दुरुस्तीची होती.

शाळेतलेच सर कशाला? पेपर कसा येतो ते त्यांना ठाऊक असतं म्हणून? दहावीत बीजगणित आणि भूमितीचे ४०-४० गुणांचे पेपर बोर्ड काढतं. शाळेच्या हातात अंतर्गत २० गुण. आठवीपर्यंतच्या शिक्षकांना तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने खाजगी शिकवणीची मनाईच आहे.

घरी मूल मोकळेपणाने विचारतं, हे अर्धं खरं. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुली घरी 'भागाकार पुन्हा सांगा ना' म्हणाल्या आहेत. पण दोन खोल्यांच्या घरात आई ओट्यापाशी, आजोबा कॉटवर, टीव्ही मुद्दाम बंद, आणि सगळ्यांचे कान आमच्याकडे. अशा वेळी मूल 'समजलं' फार लवकर म्हणतं. बाबा घरात असले की आणखी लवकर. मग मी दार लोटून घ्यायला सांगू लागलो, आणि काही मुलांच्या खऱ्या शंका तेव्हा बाहेर आल्या.

सगळ्यात घातक तो गृहपाठ. दहावीतल्या एका मुलाला वर्गसमीकरणं येत नाहीत म्हणून मला बोलावलं होतं. आधीच्या सरांनी वही भरून उदाहरणं सोडवून घेतली होती, एकही चूक नाही. मी विचारलं, गुणाकार −१२ आणि बेरीज −१ येईल असे दोन अंक सांग. त्याने −४ आणि ३ बरोबर शोधले, पण बेरीज केली −७, आणि 'हे नाही' म्हणून खोडले. त्याचं घोडं सहावीतल्या ऋण संख्यांपाशी अडलं होतं. ते कोणाला दिसलं नाही, कारण तो अडखळला की शेजारी बसलेले सर पुढची पायरी सांगून मोकळे होत.

आणि ते परवडण्याचं वाक्य. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ साली 'प्रथम' संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं वेगळी बसवायची आणि वस्तीतल्याच एका तरुणीने रोज दोन तास त्यांना पायाभूत वाचन-गणित शिकवायचं. ना बंगला, ना नामांकित सर. तरी मुलांचे गुण वाढले, आणि फायदा मुख्यतः सर्वांत कच्च्या मुलांना झाला.

घरी सर लावणार असाल तर खुशाल लावा. फक्त पहिल्या दिवशी दहावीचं पुस्तक मिटून ठेवा. सहावीच्या ऋण संख्या आणि अपूर्णांकांची दहा उदाहरणं मुलाला एकट्याने सोडवू द्या, आणि तोवर सरांना चहा द्या.