कचऱ्याच्या डब्याला मत कशाला?

मे महिना जवळ आला की इथे इंग्लंडमध्ये आमच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरू लागतो. मूळ कोणी लिहिला देव जाणे, पण दरवर्षी त्याला नवं शेपूट फुटतं. त्याचा मथितार्थ असा: ‘कौन्सिलची निवडणूक म्हणजे कचऱ्याच्या डब्यांची निवडणूक. आपला पासपोर्ट भारतीय, तेव्हा आपल्याला मत नाहीच. दिलंत तर व्हिसा आणि नागरिकत्व दोन्ही गोत्यात. निकाल तर आधीच ठरलेला. वर कोणी मधेच राजीनामा दिला की पोटनिवडणुकीवर आपल्या टॅक्सचे पैसे उडवतात, त्यापेक्षा पक्षालाच दुसरा माणूस नेमू द्यावा.’ आणि शेवटी, आपल्या चार लोकांना पाठवा.

मी राहतो ते गाव बरी. ग्रेटर मँचेस्टरमधल्या दहा बरोंपैकी, म्हणजे स्वतःची कौन्सिल (आपली महापालिका समजा) असलेल्या भागांपैकी, एक. बाहेरचा इंग्रज त्याला ‘बेरी’ म्हणतो, इथला जुना गावकरी ‘बुरी’. आपण ‘बरी’ लिहितो ते त्यातल्या त्यात बरं. या गावाच्या आधाराने एकेक वाक्य तपासतो. आणि सुरुवात सगळ्यात घातक वाक्यापासून, कारण ते वाचून माझ्या ओळखीच्या दोन घरांनी मतदार नोंदणीचं पत्र सरळ रद्दीत टाकलं होतं.

‘भारतीय पासपोर्टवर मत नाही.’ आहे. भारत राष्ट्रकुलात आहे, आणि ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या, अठरा पूर्ण झालेल्या राष्ट्रकुल नागरिकाला इथे मत देता येतं. कौन्सिलच्या निवडणुकीत आणि पार्लमेंटच्याही. स्टुडंट व्हिसा असो, वर्क व्हिसा असो की नवऱ्याच्या किंवा बायकोच्या व्हिसावर आलेला डिपेंडंट असो. पाच वर्षं थांबावं लागत नाही, ब्रिटिश व्हावं लागत नाही. गंमत अशी की 2021 नंतर इथे राहायला आलेल्या फ्रेंच किंवा जर्मन माणसाला आज कौन्सिलसाठीसुद्धा मत नाही, आणि गेल्या सप्टेंबरात नाशिकहून एमएस्सी करायला आलेल्या पोरीला आहे.

हे औदार्य वगैरे काही नाही, साम्राज्याचा उरलेला हिशेब आहे. साम्राज्यातले सगळेच ‘ब्रिटिश प्रजाजन’, म्हणून त्यांना इथे मत. साम्राज्य गेलं, तो हक्क राष्ट्रकुलाच्या नावावर राहिला. मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे दादाभाई नवरोजी 1892 साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले ते याच प्रजाजनत्वावर. किती मतांनी? पाच. हा आकडा जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

व्हिसाचं म्हणाल, तर काम किती तास करायचं, सरकारी भत्ते घ्यायचे की नाहीत, अशा अटी व्हिसावर असतात. मत देऊ नका अशी अट नसते. नागरिकत्वाची भीती तर त्याहून पोकळ. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 सांगतं की स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. चर्चच्या हॉलमध्ये जाऊन दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने कागदावर फुली मारणं म्हणजे नागरिकत्व घेणं नव्हे.

उलट नोंदणी न करण्याचाच तोटा. मतदार यादीत नाव असलं की क्रेडिट एजन्सीला तुमचा पत्ता पडताळता येतो. नवीन आलेल्या माणसाला मोबाइलचं कंत्राट किंवा पुढे घराचं कर्ज काढताना त्याचा उपयोग होतो. शिवाय नोंदणी करा असं रीतसर सांगूनही टाळाटाळ केली तर 80 पौंड दंड होऊ शकतो. रद्दीत पत्र टाकणाऱ्यांना हे सांगितल्यावर दोन्ही घरांतून त्याच रात्री फॉर्म भरला गेला. लोकशाहीपेक्षा क्रेडिट स्कोअर बोलका निघाला, असो.

मे 2023 पासून इंग्लंडमध्ये मतदान केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं. तिथे भारतीय पासपोर्ट चालतो, कारण राष्ट्रकुल देशांचे पासपोर्ट यादीत आहेत. मुदत संपलेला असला तरी फोटोतला माणूस तुम्हीच वाटत असाल तर चालतो. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स चालत नाही. आधार तर नाहीच. युनिव्हर्सिटीचं कार्डही नाही, आणि विद्यार्थी नेमके तेच घेऊन जातात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा टेबलामागच्या बाईंनी माझ्या पासपोर्टचं पान उलटं धरून दोनदा आडनाव वाचायचा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा यादीतला क्रमांकच विचारला.

आता ‘फक्त कचऱ्याचे डबे’. आधी कचऱ्याबद्दलच बोलू, कारण बरीत त्याला इतिहास आहे. 2014 साली सुक्या-ओल्यात न मोडणारा उरलेला कचरा, म्हणजे करडा डबा, तीन आठवड्यांतून एकदा उचलायचा असं ठरवणारी इंग्लंडमधली पहिली कौन्सिल हीच. बाळाचे डायपर घरात असतील तर तीन आठवडे म्हणजे काय हे ज्याचं त्याला कळतं. तो निर्णय लंडनने घेतला नव्हता.

पण डब्यांपलीकडे काय? मेट्रोपॉलिटन बरो 36 आहेत आणि 1 एप्रिल 1974 ला ते अस्तित्वात आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर काउंटी कौन्सिल होती, म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषद समजा. 1986 मध्ये थॅचरबाईंच्या सरकारने या काउंटी कौन्सिली मोडीत काढल्या. तेव्हापासून जवळपास सगळंच एकट्या बरोकडे आहे: शाळांचे प्रवेश, विशेष गरजांच्या मुलांची सोय, घराला वाढीव खोली बांधायची परवानगी, रस्त्यातले खड्डे, वाचनालयं, जन्म-मृत्यूची नोंद. खर्चाचा सगळ्यात मोठा घास म्हाताऱ्यांची आणि अडचणीतल्या मुलांची देखभाल घेते. ज्या समारंभात आपले लोक सुटाबुटात, नऊवारीत राजाच्या नावाने शपथ घेऊन ब्रिटिश होतात, तो भरवणारीही कौन्सिलच.

वाचनालयांचं उदाहरण माझ्या जिव्हारी लागलेलं आहे. 2017 मध्ये बरी कौन्सिलने 14 पैकी 10 वाचनालयं बंद करायचं ठरवलं. चार उरली. फॉरवर्ड लिहिणारा इथे म्हणेल, पैसा लंडनने कापला, कौन्सिल काय करणार? त्यात तथ्य आहे आणि ते मी नाकारत नाही. 2010 नंतर सरकारी अनुदान आटत गेलं, आणि कौन्सिल टॅक्स एका मर्यादेपलीकडे वाढवायचा तर सार्वमत घ्यावं लागतं. पण कापायचं कुठे, वाचनालय की दुसरं काही, हे इथल्या 51 नगरसेवकांच्या कौन्सिलनेच ठरवलं.

आणि कधीकधी तर इथले नगरसेवक नाही म्हणतात आणि सगळ्या प्रदेशाचा नकाशा बदलतो. ग्रेटर मँचेस्टरच्या दहाही बरोंनी मिळून घरबांधणीचा एकच आराखडा करायचा, त्यात काही हरित पट्टा मोकळा करायचा, असं घाटत होतं. डिसेंबर 2020 मध्ये स्टॉकपोर्टच्या सभागृहाने, जिथे कोणाचंच स्पष्ट बहुमत नव्हतं, तो आराखडा फेटाळला. उरलेल्या नऊ जणांना नव्याने मांडामांड करावी लागली आणि त्यांचा आराखडा मार्च 2024 मध्ये मंजूर झाला. आमच्या बरीतली एल्टन जलाशयालगतची कुरणं त्यात हजारो घरांसाठी गेली आहेत. ते बरं की वाईट यावर आमच्या घरातच दोन मतं आहेत, कारण भाड्याने राहणाऱ्या भाच्याला घर हवंय आणि मला तिथे सकाळी चालायला जायचं असतं. पण हे ‘डब्यांचं’ राजकारण नाही एवढं तरी कबूल व्हावं.

‘निकाल ठरलेलाच.’ काही ठिकाणी खरंच असतो. शेजारच्या मँचेस्टर शहरात 2016 साली डिड्सबरी वेस्ट प्रभागातून एक लिबरल डेमोक्रॅट निवडून आला तेव्हा 96 जणांच्या सभागृहात विरोधी बाकावर तो एकटा होता. तिथल्या मतदाराने सुस्कारा टाकला तर मी समजू शकतो. पण हा मजकूर बरीत फिरतो, आणि बरीत तो फिरवणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन तिखट कोणी खात नाही म्हणण्यासारखं आहे. 2019 च्या पार्लमेंट निवडणुकीत बरी नॉर्थचा निकाल लागला 105 मतांनी, बरी साउथचा 402 मतांनी.

कौन्सिलचं तर विचारूच नका. 2011 मध्ये रॅम्सबॉटम प्रभागात लेबर आणि कॉन्झर्वेटिव्ह उमेदवारांना अगदी समसमान मतं पडली. परत मोजली, तरी तेच. मग कायद्याप्रमाणे चिठ्ठ्यांचा प्रकार झाला, म्हणजे इथल्या रिवाजाने काड्या ओढल्या. लांब काडी लेबरच्या हाती आली, आणि त्या एका जागेवर 51 जणांच्या कौन्सिलची सत्ता फिरली. त्या दिवशी रॅम्सबॉटममधला एक माणूस जरी सोफ्यावरून उठला असता तरी काडीची गरज पडली नसती. दादाभाईंना निदान पाच मतं जास्त होती.

आकडेही बघा. बरीच्या एका प्रभागात मतदार आठ हजारांच्या आसपास, आणि मे महिन्यात त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा बाहेर पडतो. मुंबईच्या 227 प्रभागांत एकेकात चाळीस-पंचेचाळीस हजार मतदार असतात. तिथे तुमचं मत दर्यात खसखस वाटत असेल, पण इथे चार गल्ल्यांतली मराठी, गुजराती, तेलुगू घरं मिळूनसुद्धा उमेदवाराला घाम फुटतो. स्थानिक पक्षही तगतात ते यामुळेच. रॅडक्लिफ गावापुरत्या असलेल्या ‘रॅडक्लिफ फर्स्ट’ने मोठ्या पक्षांना हरवून जागा घेतल्या आहेत.

‘दरवर्षी निवडणूक, केवढी उधळपट्टी’ हे यंदाचं नवं शेपूट. बहुतेक मेट्रोपॉलिटन बरोंमध्ये प्रत्येक प्रभागात तीन नगरसेवक असतात आणि दरवर्षी एकेकाची मुदत संपते. चौथं वर्ष रिकामं. आपल्याकडे पुण्यात चारजणांचं पॅनल एकदमच निवडून येतं, म्हणून हे विचित्र वाटतं. नव्या सीमा आखल्या की मात्र सगळ्या जागा एकदम भरतात, तशा बरीत 2022 मध्ये भरल्या. तेव्हा प्रभागात पहिला आलेल्याला चार वर्षं मिळाली, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एकच. बर्मिंगहॅम, लिव्हरपूल यांनी ही पद्धत सोडून चार वर्षांनी एकदाच निवडणूक घेणं पत्करलं आहे, आणि त्याच्या बाजूने बोलता येण्यासारखं पुष्कळ आहे. मला स्वतःला दरवर्षी दारात येणारा उमेदवार आवडतो. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं एकही नगरसेवक नसलेली, प्रशासकाच्या हातातली मुंबई महापालिका ज्यांनी पाहिली, त्यांनी तरी जास्त निवडणुका होतात म्हणून कुरकुर करू नये.

राहिली पोटनिवडणूक. नगरसेवक वारला, राजीनामा दिला, किंवा सभागृहाच्या परवानगीविना सलग सहा महिने एकाही बैठकीला आला नाही, तर जागा रिकामी होते. मग त्या बरोतल्या कोणत्याही दोन मतदारांनी लेखी मागणी केली की 35 कामकाजाच्या दिवसांत मतदान घ्यावं लागतं. दोन मतदार! नवरा-बायकोने स्वयंपाकघरात बसून पत्र लिहिलं तरी पुरे. आणि उधळपट्टी होऊ नये याची तजवीज कायद्यातच आहे: त्या नगरसेवकाची मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी उरले असतील तर वेगळी पोटनिवडणूक होत नाही, मे महिन्याची वाट बघायची.

‘पक्षाने माणूस नेमावा’ हे आपल्याला सुचतं, कारण आपल्या डोक्यात स्वीकृत नगरसेवक असतो. इथे तसला प्रकार होता. ऑल्डरमन म्हणत, नगरसेवकच त्यांना निवडत, आणि आपल्या स्वीकृतांना सभागृहात मत नसतं तसं त्यांचं नव्हतं, पूर्ण मत असायचं. 1972 च्या कायद्याने ती प्रथा संपवली. मुळात इथे जागा पक्षाच्या मालकीचीच नाही. आपल्याकडे पक्षांतरबंदी आहे, निदान कागदावर. इथे नाही. बरी साउथचे खासदार ख्रिश्चन वेकफर्ड जानेवारी 2022 मध्ये कॉन्झर्वेटिव्ह बाकांवरून उठून लेबरच्या बाकांवर जाऊन बसले, पोटनिवडणूक झाली नाही. नगरसेवकांचंही तेच. हे मला पटतं असं नाही, पण जिथे निवडून आलेला माणूसच पक्षाला बांधलेला नाही, तिथे रिकामी जागा पक्षाच्या खिशात कशी घालणार?

पोटनिवडणुकीला लोक येत नाहीत हे खरं आहे. नोव्हेंबरातल्या एखाद्या गुरुवारी, पावसात, अंधार पडल्यावर कोण जाणार? शंभरातले वीससुद्धा जात नाहीत अशा पोटनिवडणुका होतात. म्हणूनच त्या महिन्यात तुमच्या दाराची घंटा जास्त वाजते, आणि ‘इथे फक्त आम्हीच यांना हरवू शकतो’ असं सांगणारे, मोजपट्टी घरी विसरून काढलेले स्तंभालेख दारातून आत पडतात.

उमेदवारीबद्दल फॉरवर्डमध्ये काही नाही, तरी सांगतो: कौन्सिलला उभं राहायला डिपॉझिट लागत नाही. भारतीय पासपोर्टवर उभंही राहता येतं, पण त्याला इथे कायम राहायची परवानगी हवी, नुसता व्हिसा पुरत नाही. मतासाठी मात्र मतदानाच्या 12 कामकाजाचे दिवस आधीपर्यंत नाव नोंदवलं की झालं. ऑनलाइन पाच मिनिटांचं काम.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं, याहून बरंच थोडक्यात. दिवसभर दोन निळ्या खुणा आणि शांतता. रात्री एका काकांचं उत्तर आलं: ‘छान लिहिलंयस. बरं, उद्या निळा डबा की हिरवा?’

निळा.