हात दाखवा, गाडी मागे घ्या

माझ्या सासऱ्यांनी 31 वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, त्यातली बरीचशी सातारा-महाबळेश्वर-पोलादपूर या घाटवाटेवर. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे गाडीत कोणाचं का चालत होतं हे कळेल.

मी गाडी चालवायला शिकलो पुण्यात. म्हणजे काय शिकलो, तर जागा दिसली की घुसायचं. समोरचाही तेच शिकलेला असतो, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचा अंदाज असतो आणि सहसा काही होत नाही. पुढे नोकरीसाठी ग्लासगोला आलो. भारतातलं लायसन्स इथे 12 महिने चालतं, मग परीक्षा. मी दुसऱ्या खेपेला पास झालो. त्या परीक्षेत माझ्याकडून करून घेतलेलं रिव्हर्स होतं दोन गाड्यांच्या लांबीइतकं. सपाटीवर, भर दुपारी, मागे चिटपाखरू नसताना. एवढ्या भांडवलावर मी जूनमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन स्कॉटलंडच्या स्काय बेटावर निघालो.

बेत बायकोचा. "आईआप्पा एवढे लांबून आलेत, त्यांना डोंगर दाखवू या हो." जन्मभर सह्याद्रीच्या पायथ्याशी राहिलेल्या माणसांना डोंगर कशाला दाखवायचे, असं मी विचारणार होतो. पण एरवी मला 'अरे' म्हणणारी बायको आईवडील आले की 'अहो'वर येते, आणि त्या 'अहो'पुढे बोलायची माझी छाती होत नाही. सात जणांची गाडी भाड्याने घेतली. मी, बायको, बारा वर्षांची मुलगी, मामा, मामी (म्हणजे सासरे आणि सासूबाई) आणि धपाट्यांचा डबा. डब्याला स्वतंत्र सीट होती.

ग्लासगो ते पोर्ट्री, म्हणजे स्कायचं मुख्य गाव, सुमारे 215 मैल. पहिले 180 मैल मी राजासारखी गाडी हाकली. स्कायच्या पुलावर मामांनी पाकीट काढलं, "टोल किती?" मी म्हटलं, नाही टोल. पूल 1995 साली झाला तेव्हा होता, पण लोकांनी भरायलाच नकार दिला, वर्षानुवर्षं भांडले आणि 2004 मध्ये सरकारकडून तो बंद करवून घेतला. मामा बराच वेळ गप्प बसून खाली पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माणसं चांगली हायेत." या बेटावरच्या कुठल्याही कड्याला किंवा किल्ल्याला त्यांनी एवढी मोठी पावती दिली नाही.

माझा मनस्ताप सुरू झाला तो मुख्य रस्ता सोडल्यावर. स्कायवरचे आतले बरेच रस्ते एका गाडीपुरते असतात. एका गाडीचे, पण दोन्ही बाजूंनी वाहतूक. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला एका बाजूने पोट आलेलं असतं आणि तिथे पांढरी पाटी: पासिंग प्लेस. समोरून गाडी दिसली की जो पोटाजवळ असेल त्याने थांबायचं. पोट आपल्या डाव्या हाताला असेल तर आत शिरायचं, उजव्या हाताला असेल तर त्याच्यासमोर रस्त्यातच थांबायचं आणि समोरच्याला आत शिरू द्यायचं. उजवीकडे आपण घुसायचं नाही. तिथे गाडी लावून फोटो काढायचे नाहीत. आणि दोघांच्या मधे पोटच नसेल तर कोणीतरी मागे जायचं.

कोणीतरी! पुण्यात या शब्दावर दोन तास वाद चालतो.

इथे गोष्टच उलटी. समोरचा माझ्याही आधी थांबलेला असायचा. लांबवर टेकडीवर एक गाडी दिसायची, मी दिसल्याबरोबर ती पोटात जाऊन उभी राहायची आणि दिवे मिचकावून मला 'या' म्हणायची. मग मला संकोच. म्हणजे आपणही थांबावं. मी थांबायचो, दिवे मिचकवायचो. तो पुन्हा मिचकवायचा. लग्नाच्या पंगतीत 'आधी तुम्ही बसा', 'छे छे, आधी तुम्ही' चालतं तसं आम्ही अर्धा मैल अंतरावरून एकमेकांना आग्रह करत बसायचो. मागे एक मेंढी आणि दोन गाड्या खोळंबलेल्या.

शेवटी कोणीतरी निघायचं आणि शेजारून जाताना हात वर करायचं. हा आभाराचा हात. स्टिअरिंगवरून चार बोटं उचलली तरी चालतात, पण उचलावीच लागतात. पहिल्याच गाडीच्या वेळी मागून मामांचा आवाज आला, "थांबा! हात केलाय त्यानं."

"मामा, ते थँक यू म्हणतायत."

"हात केला की गाडी थांबवायची," मामा म्हणाले. 'हात दाखवा, गाडी थांबवा' ही एसटीची योजना त्यांच्या हाडात मुरलेली. पहिला दिवसभर दर गाडीला त्यांचा उजवा हात आपोआप छताकडे जायचा, तिथे नसलेली घंटेची दोरी ओढायला.

या भानगडीत स्काय मी काय पाहिलं, तर पाट्या. बाकीच्यांनी स्टॉरचा सुळका पाहिला, समुद्रात झेपावणारा धबधबा पाहिला, कूलिन डोंगररांगेचे काळे दात पाहिले. मला विचाराल तर कुठल्या वळणानंतर डाव्या हाताचं पोट आहे आणि कुठल्यानंतर उजव्या हाताचं, हे मी झोपेत सांगेन. बायको मधूनच म्हणायची, "अहो, उजवीकडे बघा ना, काय सुंदर आहे!" उजवीकडे बघितलं की डावं चाक दलदलीत जाणार हे तिला कोणी सांगायचं?

मामी मात्र खिडकीला नाक लावून बसल्या होत्या आणि दर दहा मिनिटांनी एकच वाक्य बोलत होत्या: "ह्ये आपल्यासारखंच हाय की." मला आधी वाटलं, घरची आठवण येतेय. पण बेटाच्या उत्तरेला ट्रॉटर्निशच्या वाटेवर काळ्या खडकाचे थरावर थर, वर सपाट माथा, खाली हिरवा उतार आणि त्यावर ढगाचं फडकं असं दिसायला लागलं तेव्हा मलाही क्षणभर वाटलं, की आता मक्याची कणसं भाजणारा बसलेला दिसेल. मुलीने फोनवर शोधलं. हा सगळा लाव्हाच. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी इथे ओतला गेला. आपलं दख्खनचं पठार साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. म्हणजे खडकाने खडक, बेसाल्टच. किल्ट रॉक या कड्याचे उभे खांब पाहून तर अंधेरीच्या गिल्बर्ट हिलची आठवण झाली, फक्त भोवतीच्या इमारती वजा. "म्हंजे आपण एवढं इमानाचं तिकीट काढून माळशेजलाच आलो," मामा म्हणाले. कूलिनचं सर्वांत उंच शिखर 992 मीटर आहे आणि कळसूबाई 1646, हे नातीने सांगितल्यावर तर त्यांनी कूलिनकडे पाहणंच सोडलं.

तिसऱ्या दिवशी क्विरांगचा डोंगर. ऊइगच्या बाजूने चढून, माथा ओलांडून स्टॅफिनकडे उतरायचं. माथ्यावरून दिसतं ते भयंकर देखणं आहे, असं ऐकून आहे. उतरणीला लागताच केसाच्या आकड्यासारखं वळण. मुलगी मोठ्याने वाचत होती, की हा अख्खा डोंगर म्हणजे एक दरड आहे आणि ती अजूनही सरकतेय. "आता थांबव वाचन," मी म्हटलं. आणि वळणातून समोर आली मोटरहोम. पांढरी, दुमजली वाटावी अशी, घरच निघालं होतं कोणाचं तरी डोंगर चढून. तिच्या मागे तीन गाड्या. माझ्या मागे दोन. शेवटचं पोट माझ्या मागे, वर, दीडशे पावलांवर.

मी हँडब्रेक ओढला आणि वाट पाहू लागलो, की काहीतरी होईल.

"चढणीच्या गाडीला आधी वाट," मामा शांतपणे म्हणाले. "घाटाचा नियम हाय. त्याला थांबवलं तर त्याची उचलणार न्हाई."

"इथेही तोच नियम आहे," मुलगी म्हणाली.

"मग घ्या मागं, जावईबापू." आणि मामा दार उघडून उतरलेच.

मी आरशात पाहिलं. पांढरा सदरा, मफलर, माकडटोपी अशी मूर्ती तरातरा वर चालत शेवटच्या गाडीपाशी गेली. त्यात एक जर्मन जोडपं होतं. मामांनी वाकून काचेवर टकटक केली, मागे बोट दाखवलं आणि सुरू केलं, "येऊ द्या... येऊ द्या... जरा डावीकडं तोडा... तोडा... सरळ करा... येऊ द्या... बास!" आणि 'बास'ला डिकीवर थाप. आपल्याकडे ती थाप म्हणजे भरवशाची पावती. आत बसलेल्या जर्मन बाई सीटवरून वीतभर उडाल्या. पण गाडी बरोब्बर पोटात. दुसरी गाडी, येऊ द्या, येऊ द्या, थाप. मग माझा नंबर.

मान मागे वळवून वळवून मला आखडी आली. डाव्या आरशात दरी, उजव्या आरशात मामा. क्लच जळल्याचा वास धपाट्यांच्या वासात मिसळलेला. मामी डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या, बायको 'हळू हो, हळू हो' म्हणत होती, आणि एक मेंढी रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करत मी काय करतो ते पाहत होती. मामांनी तिलाही "येऊ द्या" केलं. ती उठली. दीडशे पावलांना सहा मिनिटं लागली आणि त्यात माझं एक वर्षाचं आयुष्य गेलं. शेवटी पाठीमागे थाप बसली तेव्हा मला लहानपणी पाठीवर शाबासकीची बसायची तसं वाटलं.

मोटरहोम घरघरत वर आली. चालवणाऱ्या आजोबांनी खिडकीतून हात वर केला. मामांनीही हात वर केला. मागच्या तिन्ही गाड्यांतून हात. जर्मनांचे हात. मामा रस्त्याच्या कडेला मंत्र्यासारखे हात उंचावून उभे. मग गाडीत येऊन बसले, खिशातून पाच पेन्सचं नाणं काढून काचेवर वाजवलं. टिंग टिंग. डबल बेल. मी निघालो.

त्या संध्याकाळी स्लिगाखनच्या जुन्या पुलापाशी थांबलो. तिथल्या ओढ्यात सात सेकंद तोंड बुडवलं की कायमचं सौंदर्य लाभतं, असं सांगतात. मामी गुडघ्यावर बसल्या, पदर कमरेला खोचला आणि बुडवलं तोंड. आम्ही सगळे मोजत होतो. नेमका वारा पडला. इथली चिलटं, मिजेस, वारा असेपर्यंत उडू शकत नाहीत. वारा पडला, आभाळ भरून आलं की माद्या जेवायला निघतात. राईच्या दाण्याहून बारीक, पण हजारांनी. पाचव्या आकड्याला आम्ही सगळे गाडीच्या दिशेने पळत सुटलो. मामी एकट्या पाण्यात तोंड घालून सुरक्षित होत्या. दुसऱ्या दिवशी आम्हा चौघांची तोंडं पुरणपोळीसारखी टम्म, आणि मामींच्या चेहऱ्यावर एक डागसुद्धा नाही. त्यामुळे त्या दंतकथेबद्दल मी आता वाईट बोलत नाही.

रात्री साडेदहाला कुठे सूर्य मावळायचा आणि त्यानंतरही नीट अंधार पडायचा नाही. डोळे मिटले की मला पांढऱ्या पाट्या दिसायच्या. झोपेत मी उजवा हात वर करतो, अशी बायकोची तक्रार होती.

ऑगस्टमध्ये मामा-मामी साताऱ्याला परतले. परवा फोन आला. मामा लुनावरून बाजारात निघाले होते. बोळात समोरून टेम्पो आला. मामा म्हणे शिस्तीत कडेला झाले, एका घराच्या पायरीला चिकटून थांबले. टेम्पो सरकला तसा त्यांनी त्याला छान हात वर केला.

टेम्पोवाल्याने कचकन ब्रेक मारला, मान बाहेर काढली आणि म्हणाला, "बसा मामा, कुठं सोडू?"